समुपदेशन : गावाच्या मानसिक आरोग्याचा आधार

गावात दवाखाना आहे की नाही, रस्ता पक्का आहे की कच्चा, नळाला पाणी किती वेळ येते, या गोष्टींची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी असते. गावातील किती माणसांना रात्रीची झोप लागत नाही, किती घरांत कर्त्या माणसाने बोलणे टाकले आहे, परीक्षेच्या धास्तीने किती मुले जेवणावरून उठतात, याची नोंद मात्र कोठेच आढळत नाही. शरीराचा आजार दिसतो, म्हणून तो मोजला जातो. मनाचा आजार डोकेदुखी, छातीत धडधड, अंगातील अशक्तपणा अशी नावे घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत उभा राहतो आणि बहुधा वेदनाशामक गोळ्या व शक्तीचे औषध घेऊन घरी परततो.

देशातील १२ राज्यांत २०१५-१६ साली करण्यात आलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा ते अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्याहून चिंताजनक बाब अशी की, विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलाच नव्हता. दोन हजार प्रौढांच्या वस्तीला हे प्रमाण लावले, तर सुमारे दोनशे माणसे त्रासात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य एकाकीपणे तो सोसत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. या माणसांपैकी अनेकांना मोठ्या रुग्णालयाची नव्हे, तर शिकलेल्या कानाची गरज असते. ती गरज भागविणारे शास्त्र म्हणजे समुपदेशन व मानसोपचार. हे शास्त्र गावाच्या आवाक्यात कसे आणता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

बदलते गाव, बदलते ताण

पुणे-सोलापूर महामार्गावरील हवेली तालुक्यातील लोणी काळभोर हे गाव या दृष्टीने उदाहरण म्हणून घेण्याजोगे आहे. आषाढी वारीत पुण्यातील मुक्काम आटोपून संत तुकाराम महाराजांची पालखी याच परिसरात विसाव्याला येते. मूळचे हे शेतीवर उभे असलेले गाव. आज त्याच्या शिवारात तेल कंपन्यांची मोठी इंधन आगारे आहेत, टँकरची अखंड ये-जा आहे, राजबाग परिसरात विद्यापीठ आहे आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले विद्यार्थी आहेत. शेजारच्या थेऊर येथील यशवंत सहकारी साखर कारखान्याचे गाळप २०११ साली थांबले आणि ऊस, नोकरी व कर्ज यांची अनेक कुटुंबांतील जुनी घडी त्यामुळे मोडली.

अशा गावात एकाच गल्लीत चार प्रकारचे ताण नांदू शकतात. जमीन विकून पैसा आला, परंतु काम उरले नाही, असा एक. रात्रपाळी व वाहन चालविणे यांमुळे झोपेचे गणित बिघडलेला दुसरा. घरापासून दूर राहून परीक्षेला तोंड देणारा विद्यार्थी तिसरा आणि नव्याने नांदावयास आलेली, माहेर दूर असलेली सून चौथी. पूर्वी वाड्यातील आजी, पारावरचे वडीलधारे, भजनातील सोबती ही मन मोकळे करण्याची ठिकाणे होती. ती आजही काही प्रमाणात आहेत. परंतु जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तेथे बोललेली गोष्ट दुसऱ्या दिवशी चावडीवर पोहोचण्याची भीतीही असते. या भीतीमुळेच पुष्कळ माणसे गप्प राहतात.

सल्ला आणि समुपदेशन

समुपदेशन म्हणजे चार उपदेशाच्या गोष्टी सांगणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. “फार विचार करू नका”, “देवावर भरवसा ठेवा”, “आमच्या वेळी यापेक्षा वाईट दिवस होते” ही वाक्ये सद्भावनेने उच्चारली जातात. तथापि, ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की, आपले म्हणणे समोरच्याला उमगलेले नाही. सल्ला हा देणाऱ्याच्या अनुभवातून येतो. समुपदेशनात मात्र बोलणाऱ्याच्या स्वतःच्या परिस्थितीतून, त्याच्याच साहाय्याने वाट काढली जाते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, दोनच माणसे, गुप्ततेची हमी आणि ठरविलेले उद्दिष्ट ही त्याची पाच अंगे होत.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांतील भेदही ध्यानी घेतला पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असून औषधे देण्याचा अधिकार त्यांना असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे मानसशास्त्रातील विशेष प्रशिक्षण घेतलेले असतात. ते मानसिक चाचण्या घेतात व मानसोपचार करतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशक हे दैनंदिन जीवनातील ताण, नातेसंबंध, अभ्यास, व्यसन अशा प्रश्नांत संवादाच्या मार्गाने साहाय्य करतात. या तिघांची कामे परस्परांना पूरक आहेत.

संवादाने मन बरे होऊ शकते, या विचाराला आधुनिक शास्त्राचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना येथे ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या कामातून मिळाले. पुढे अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी उपचारकाच्या आस्थेला व निःपक्षपातीपणाला महत्त्व दिले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचार, भावना व वर्तन यांचा परस्परसंबंध उलगडणाऱ्या उपचारपद्धती मांडल्या. घटनेपेक्षा त्या घटनेकडे पाहण्याची आपली धारणा आपणांस अधिक अस्वस्थ करते, हे एलिस यांचे सूत्र महाराष्ट्रात ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने परिचित झाले. कि. मो. फडके यांनी ते मराठी वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे मोठे काम केले. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली मानसिक आरोग्य संस्था आणि पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, यांनी समुपदेशनाला सर्वसामान्य कुटुंबांच्या परिचयाचे केले.

संवादाचे काम कसे चालते

उदाहरणादाखल पन्नाशीच्या एका गृहस्थाची कल्पना करू. त्यांचे कारखान्यातील काम सुटले आहे. सोसायटीचे कर्ज थकले आहे. प्रथम त्यांनी पारावर जाणे सोडले, कारण कोणी विचारील ही लाज. मग गुरुवारचे भजन सुटले. पुढे शेतावरची फेरीही थांबली. दिवसा पडून राहावयाचे आणि रात्री जागावयाचे, असा क्रम लागला. घरातील माणसे “उठा, जरा बाहेर जाऊन या” म्हणतात आणि त्या शब्दांनी त्यांना अधिकच अपराधी वाटते. येथे एक चक्र तयार झालेले दिसते. मन उदास म्हणून कामे सुटतात आणि कामे सुटली म्हणून आनंदाचे व समाधानाचे लहानसहान क्षणही नाहीसे होऊन मन अधिक उदास होते.

पहिल्या भेटीत समुपदेशक त्यांना उपाय सांगत नाही. “काका, मागचा आठवडा कसा गेला, ते सकाळपासून सांगा,” एवढेच विचारतो आणि मध्येच न तोडता ऐकतो. झोप, भूक, मद्यपान यांची चौकशी करतो. जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारतो. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत निराधार आहे; उलट, विचारले गेल्याने माणसाला मोकळे वाटते आणि धोका वेळीच ध्यानात येतो.

दुसऱ्या भेटीपासून एक वही सुरू होते. दिवसाच्या कोणत्या वेळी काय केले आणि तेव्हा मन कसे होते, याची त्यात नोंद असते. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी चित्रे किंवा खुणा चालतात. आठवड्याच्या शेवटी ती वही दोघांनी मिळून पाहिली की, गोठ्यात म्हशीला वैरण घालताना मन थोडे हलके होते, अशी एखादी बाब हाती लागते. तिसऱ्या भेटीत त्याच धाग्याने दोन लहान कृती ठरविल्या जातात. जसे, सकाळी सात वाजता गोठ्याचे काम करणे आणि दिवसाआड शेताच्या बांधापर्यंत जाऊन येणे. मन झाले तर करावयाचे, असे नसते. वेळ झाली की करावयाचे आणि मन मागून येते, हे या पद्धतीचे मर्म आहे.

चौथ्या भेटीत कर्जाचा प्रश्न हाताळला जातो. “सारे संपले” या एका वाक्याचे तुकडे केले जातात. एकूण देणे किती, कोणाचे, कोणते निकडीचे, सोसायटीच्या सचिवाकडे कोणी व कोणत्या दिवशी जावयाचे, हे कागदावर उतरते. कर्ज त्यामुळे कमी होत नाही. परंतु अंगावर येणाऱ्या डोंगराला पायवाट सापडते. पुढील भेटींत “मी घराला भार झालो” या विचाराची तपासणी होते. त्याला पुरावा कोणता, विरुद्ध पुरावा कोणता, मित्रावर हीच वेळ आली असती तर त्याला भार म्हटले असते काय, असे प्रश्न विचारले जातात. त्या गृहस्थांच्या संमतीने एका भेटीत पत्नीलाही बोलाविले जाते. अखेरच्या भेटीत उदासी पुन्हा डोकावू लागल्यास तिची पहिली चिन्हे कोणती आणि तेव्हा काय करावयाचे, याची उजळणी होते.

गोव्याचा व विदर्भाचा अनुभव

हे सारे पदवीधर तज्ज्ञांनीच करावयाचे म्हटले, तर खेड्यांना ते कधी लाभणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्यात शोधण्यात आले. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक योजना राबविली. मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना निवडून त्यांना काही आठवड्यांचे शिक्षण व त्यानंतर प्रत्यक्ष कामाचा सराव देण्यात आला. तीव्र उदासीनतेने ग्रस्त प्रौढांना त्यांनी सहा ते आठ भेटी द्याव्यात, प्रत्येक भेट अर्ध्या ते पाऊण तासाची असावी आणि वर वर्णिलेल्या कृतिप्रधान पद्धतीचा अवलंब व्हावा, अशी आखणी होती.

दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे ५०० रुग्णांवर केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात तीन महिन्यांनी ३९ टक्के रुग्ण उदासीनतेतून बाहेर आले होते. त्यासोबत समुपदेशन मिळालेल्या गटात हे प्रमाण ६४ टक्के होते. दर शंभर रुग्णांमागे पंचवीस माणसे अधिक बरी होणे, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत २०११ नंतर ‘विश्राम’ हा उपक्रम राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजारांविषयी माहिती दिली, प्राथमिक मानसिक आधार दिला आणि गरजूंना समुपदेशक व डॉक्टर यांच्याशी जोडून दिले. उपक्रमापूर्वी उदासीनतेने ग्रस्त शंभर व्यक्तींपैकी जेमतेम चार जण उपचारांपर्यंत पोहोचत असत. दीड वर्षानंतर ही संख्या सत्तावीसवर गेली. शेतकरी आत्महत्यांच्या वेदनेने पोळलेल्या प्रदेशातील हा अनुभव महाराष्ट्राला विशेष मोलाचा आहे.

आफ्रिकेतील झिंबाब्वेमध्ये याच तत्त्वावर २००६ पासून आरोग्य केंद्राच्या आवारातील बाकावर प्रशिक्षित आजीबाई रुग्णांशी संवाद साधतात. ‘नैराश्य’ हा वैद्यकीय शब्द त्या वापरत नाहीत. ‘अति विचार करणे’ या अर्थाचा शोना भाषेतील लोकांच्या तोंडचा शब्द त्या वापरतात. मराठी खेड्यातही “डोक्याला विचार लागलेत”, “जीवाला घोर लागलाय” असेच म्हटले जाते. समुपदेशनाची सुरुवात या शब्दांपासूनच व्हावयास हवी.

या अनुभवांतून एक सावध बोधही घ्यावयाचा आहे. या सर्व ठिकाणी कार्यकर्ते साधे असले, तरी काम सैल नव्हते. लेखी कार्यपद्धती, नियमित देखरेख, भेटींच्या नोंदींची तपासणी आणि अवघड रुग्ण वर पाठविण्याची सोय होती. दोन दिवसांच्या शिबिराने समुपदेशक घडत नाही.

गुप्तता आणि मर्यादा

समुपदेशनाचा पाया विश्वास हा आहे आणि लहान गावात तोच सर्वांत लवकर ढासळतो. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये प्रत्येक व्यक्तीस मानसिक आरोग्य सेवा मिळविण्याचा आणि आपल्या आजाराविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती, असेच विरुद्ध सिद्ध न झाल्यास गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये आणि शासनाने तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची तजवीज करावी, असेही हा अधिनियम सांगतो. सरपंच व पोलीस पाटील यांना ही तरतूद माहीत असणे अगत्याचे आहे.

गुप्ततेला अपवाद आहेत आणि ते पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्यास योग्य व्यक्तींना कळवावे लागते. बालकावरील लैंगिक अत्याचार ज्याला कळला, त्याने त्याची खबर देणे २०१२ च्या अधिनियमानुसार बंधनकारक आहे; शिक्षक त्यास अपवाद नाहीत.

प्रत्येक दुखण्यावर संवाद हाच उपाय, असेही मानू नये. नसलेले आवाज ऐकू येणे, निराधार संशयाने घरच्यांचेच भय वाटणे, बाळंतपणानंतर भान हरपणे, जीव देण्याचा बेत पक्का असणे, दारू एकाएकी बंद केल्याने हातपाय थरथरणे वा भ्रम होणे, अशा स्थितीत विनाविलंब डॉक्टरकडे नेणे हाच मार्ग होय. अशा रुग्णांसाठी येरवडा येथील प्रादेशिक मनोरुग्णालय लोणी काळभोरपासून फार दूर नाही. ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथेही अशी रुग्णालये आहेत. औषध चालू असताना संवाद आणि संवाद चालू असताना औषध, असे दोन्ही सोबत चालू शकते. तसेच दारिद्र्य, मारहाण किंवा हुंडा यांचे दुःख केवळ बोलून मिटत नाही. तेथे कायद्याची व योजनांची मदत मिळवून देणे हाही समुपदेशनाचाच भाग ठरतो.

गावाने काय करावे

पहिली गरज एका खोलीची आहे. ग्रामपंचायत, शाळा किंवा आरोग्य केंद्र यांपैकी कोठेही दार लावता येईल, बाहेर आवाज जाणार नाही आणि दारावर ‘मानसिक’ असा फलक नसेल, अशी खोली आठवड्यातून एक दिवस मोकळी ठेवावी. रक्तदाब तपासणीच्या दिवशीच ती उघडी ठेवल्यास कोण कशासाठी आले, हे कोणाला कळत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाची भेट याच दिवशी व्हावी, यासाठी ग्रामपंचायतीने जिल्हा रुग्णालयाकडे रीतसर मागणी करावी.

दुसरी गरज ओळखण्याची आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांना माणसातील बदल सर्वांआधी दिसतो. हुशार मुलाचे अक्षर एकाएकी बिघडले, बोलकी मुलगी मागच्या बाकावर जाऊन बसू लागली, तर शिक्षकाने वर्गात सर्वांदेखत विचारू नये. शाळा सुटल्यावर, दार उघडे ठेवून, शांतपणे “बाळ, हल्ली तुला काही जड जातंय का?” असे विचारावे, ऐकावे आणि पुढच्या मदतीशी जोडून द्यावे. शिक्षकाने उपचारक होण्याची आवश्यकता नाही. पहिला विश्वासू श्रोता होणे पुरेसे आहे.

तिसरी गरज माहितीची आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असून त्यावर मराठीतही बोलता येते. ग्रामपंचायतीचा फलक, रेशन दुकान, दूध संकलन केंद्र, एस. टी. थांबा, वसतिगृहाचे प्रवेशद्वार येथे तो ठळकपणे लिहिण्यास एका डब्या रंगाचाच खर्च आहे.

चौथी आणि सर्वांत अवघड गरज मौनाची आहे. कोणी त्या खोलीत गेले, हे पाहिलेल्याने दुसऱ्याला सांगू नये. ग्रामसभेत याविषयी एकदा स्पष्ट बोलणे झाले आणि पंचायत सदस्यांनी स्वतः तो दंडक पाळला, तर लोकांचा संकोच हळूहळू ओसरेल.

लोणी काळभोरहून याच महामार्गाने थोडे पुढे गेले की उरुळी कांचन लागते. १९४६ साली महात्मा गांधींनी तेथे मुक्काम करून ग्रामीण जनतेसाठी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. खेड्यातील माणसाला परवडेल असा उपचार खेड्यातच मिळावा, ही त्यामागील दृष्टी होती. शरीराच्या बाबतीत ती दृष्टी या परिसराला नवी नाही. आता तिचा विस्तार मनापर्यंत करावयाचा आहे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. एक खोली, दोन खुर्च्या, आठवड्याचा एक ठरलेला दिवस आणि नीट शिकून ऐकणारे एक माणूस, एवढ्यावर सुरुवात करता येते. कोणाशी बोलावे हे न कळल्यामुळे गावातले एक जरी माणूस गमावले जाणार नसेल, तर ही तरतूद विकासाच्या कोणत्याही कामाइतकीच निकडीची आहे.